ट्रोलिंग मोटर: आधी बॅटरी आणि वायर, मग मोटर

होडीसाठी ट्रोलिंग मोटर, म्हणजे दांड्याच्या खालच्या टोकाला पंखा असलेली, बॅटरीवर चालणारी छोटी मोटर, शोधणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘किती एचपीची घेऊ?’ हाच असतो. आऊटबोर्डची (होडीमागच्या पेट्रोल इंजिनाची) सवय असली की तसं होतं. पण इथे एचपी विचारून हाती काही लागत नाही. १२ व्होल्टची ५५ पौंडी मोटर पूर्ण वेगाला साधारण ५० अँपिअर ओढते, म्हणजे ६०० वॉट. घरातला मिक्सर खातो जवळपास तेवढीच वीज. तेवढ्यावर अर्ध्या टनाची होडी हलते, कारण तिला पळवायचं नसतं. तिवरांच्या कडेने जिताड्यासाठी गळ टाकताना होडी आवाज न करता सरकवायची, धरणात गळ मागे सोडून ताशी ३-४ किलोमीटरने ओढत न्यायची, वारा होडीला फिरवायला लागला की तिला जागेवर धरायची, एवढंच या मोटरीचं काम. तुमच्या आऊटबोर्डला ती पर्याय नाही, त्याच्या जोडीला आहे.

ताकद पौंडांत मोजतात. हा पंख्याचा ढकलण्याचा जोर, इंग्रजीत थ्रस्ट. ५५ पौंड म्हणजे सुमारे २५ किलोचा जोर. बऱ्याच मॉडेलांच्या नावातच हा आकडा दडलेला असतो. जास्त पौंडांची मोटर घेतली की होडी जास्त पळेल, हा गैरसमज मात्र सोडून द्या. पंख्याच्या पात्यांचा पीच (तिरपेपणा) कमी ठेवलेला असतो, त्यामुळे ताशी ६-७ किलोमीटरच्या पुढे बहुतेक मोटरी जातच नाहीत. पौंड वाढले की वाऱ्याला आणि प्रवाहाला तोंड देण्याची ऐपत वाढते, आणि तोच जोर कमी वेगाच्या सेटिंगवर मिळाल्याने बॅटरी जरा जास्त पुरते.

किती पौंड लागतील?

ढोबळ नियम असा: भरलेल्या होडीच्या दर ४५ किलोला २ पौंड. भरलेली म्हणजे सगळं धरून. १४ फुटी फायबरची होडी १८० किलो, दोन माणसं १५०, दहाच्या आतल्या एचपीचं आऊटबोर्ड ४०, पेट्रोल २०, बॅटरी ३०, बर्फ-नांगर-सामान ४०. झाले ४६०. भागिले ४५, गुणिले २, म्हणजे जेमतेम २१ पौंड.

हा आकडा शांत पाण्याचा. उजनी किंवा मुळशीसारख्या मोठ्या पाणपसाऱ्यावर दुपारी वारा सुटतो तेव्हा तो पुरत नाही, आणि खाडीत तर मुळीच नाही. धरणासाठी दीडपट आणि खाडीसाठी दुप्पट धरा. या होडीला खाडीत ४२ पौंड होतात. म्हणून ४५ किंवा ५५ ची घ्यावी. दोघांमधला किमतीचा फरक फार नसेल तर ५५ बरी. त्याहून मोठ्या होडीला, म्हणजे भरून ७००-८०० किलोच्या पुढे, २४ व्होल्ट आणि ८० पौंडांकडे वळावं लागतं.

१२ व्होल्टवर साधारण ५५ ही व्यवहारातली मर्यादा समजतात, २४ वर ८०, ३६ वर ११२. ऑनलाइन विक्रीत कुणी १२ व्होल्टवर ८०-८५ पौंड लिहिलं असेल तर ती पूर्ण वेगाला किती अँपिअर ओढते ते विचारा. १२ व्होल्टच्या मोटरीत एका पौंडाला सुमारे एक अँपिअर, असं प्रमाण पडतं. ‘८० पौंड, ४५ अँपिअर’ असं उत्तर आलं तर त्यातला एक आकडा खोटा आहे.

घरी तपासण्याचा उपायही सोपा आहे. मासळीवाले वापरतात तसला टांगायचा डिजिटल काटा घ्या. धक्क्याला दोरी बांधा, दोरीत काटा अडकवा, पाच-सहा मीटर लांब राहून मोटर पूर्ण वेगात चालवा. दोरी आडवी ताणली गेली पाहिजे. ५५ पौंडी मोटरीने २५ च्या जवळ आकडा दाखवायला हवा. नवीन असताना आलेला आकडा होडीत कुठेतरी रंगाने लिहून ठेवा. वर्षभराने तो १८ वर आला तर बॅटरी, वायर किंवा पंखा यांपैकी काहीतरी बिघडलंय, हे पाण्यात न अडकताच कळेल.

दांडा, जागा आणि खारं पाणी

मोटर पुढे लावायची की मागे? पिछाडीच्या फळीला शिकंजासारखी आवळायची मोटर स्वस्त, बसवायला पाच मिनिटं, आणि १२-१४ फुटी होडीला ती पुरते. पण मागून ढकललेल्या होडीचं तोंड वारा फिरवत राहतो. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बसवलेली मोटर होडीला ओढून नेते, दिशा पटकन बदलते. गळ फेकत फेकत किनाऱ्याने जायचं असेल तर पुढचीच हवी. आपल्याकडच्या बऱ्याच होड्यांची नाळ मात्र उंच आणि निमुळती असते. तिथे मोटरचा तळ सपाट बसत नाही. फळी ठोकून काम भागवलं की लाटेत ती हलायला लागते आणि फायबरला तडे जातात. खाली सागवानी किंवा मरीन प्लायचा ठोकळा, वर मोटर, आरपार स्टेनलेसचे बोल्ट आणि आतून मोठे वायसर, एवढं करावंच लागतं.

दांड्याची लांबी मोजताना होडी पाण्यात आणि पूर्ण भरलेली हवी. मोटर बसेल त्या जागेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. मागच्या मोटरीला त्यात २० इंच मिळवा, पुढच्या मोटरीला २६. लाटांचं पाणी असेल तर आणखी ५. नाळेची उंची २२ इंच असेल तर ४८ इंची दांडा कसाबसा पुरतो आणि खाडीत ५४ इंची लागतो. दांडा आखूड पडला की नाळ वर उचलली जाते तेव्हा पंखा हवा ओढतो, घरघर आवाज येतो, होडी जागची हलत नाही आणि बॅटरी उगाच जाते. लांब दांडा वर सरकवता येतो, आखूड लांबवता येत नाही. शंका असेल तर लांब घ्या.

खाडीसाठी मोटर घेणार असाल तर ‘सॉल्टवॉटर’ लिहिलेलीच घ्यावी. गोड्या पाण्याच्या मोटरीवर खारं पाणी पडलं की बहुतेक कंपन्या वॉरंटीतून हात झटकतात. माहितीपत्रकात तसं छापलेलंच असतं. फरक नुसत्या पांढऱ्या रंगाचा नाही. जाड रंगाचे थर, सीलबंद सर्किट आणि पंख्याजवळ स्वतः झिजून बाकीच्या धातूला वाचवणारा अ‍ॅनोड, या तीन गोष्टींचे पैसे असतात. अ‍ॅनोडवर कधीही रंग मारू नका, मारला की तो निकामी. निम्मा झिजला की बदला. खाडीच्या मचूळ पाण्यात जस्तापेक्षा अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड बरा चालतो.

जीपीएसवर जागा धरून ठेवणाऱ्या मोटरींची हल्ली बरीच चर्चा असते. धरणात सोय उत्तम आहे. खाडीत, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, ती मोटर प्रवाहाशी सतत भांडत राहते आणि बॅटरी बघता बघता संपते. तिथे दोरीला बांधलेला नांगर तेच काम फुकटात करतो. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असताना, मात्र ही सोय कामाला येते.

खरं इंजिन म्हणजे बॅटरी

मोटरीवर चाळीस हजार घालवून बॅटरी मात्र गाडीतली जुनी काढून लावणारे बरेच. दोन-तीन महिन्यांत ती बसते, आणि दोष मोटरीला. गाडीच्या बॅटरीतल्या प्लेटा पातळ असतात. काही सेकंद प्रचंड करंट द्यायचा आणि लगेच अल्टर्नेटरने भरून घ्यायचं, यासाठी ती बनलेली. तासन्‌तास निथळायला ठेवली, म्हणजे सतत वीज काढत राहिलं, की प्लेटांवरचा लेप झडतो.

आपल्याकडे सहज मिळणारे पर्याय तीन. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी खोल निथळायला तयार असते, पण १५० अँपिअर-तासांची उंच बॅटरी ५० किलोच्या पुढे जाते. होडी डुलली की आम्ल सांडतं आणि एवढं वजन उंच ठेवल्याने होडीचा तोलही बिघडतो. ई-रिक्षाची १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी याच प्रकारच्या कामासाठी बनलेली, वजनाला बेताची आणि तालुक्याच्या गावीही मिळणारी. कमी पैशात हीच घ्यावी. तिसरी लिथियम आयर्न फॉस्फेट. १०० अँपिअर-तासांची साधारण ११ ते १३ किलो, म्हणजे शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहूनही कमी. ई-रिक्षाचा लिथियम पॅक मात्र ४८ व्होल्टच्या घरातला असतो, तो १२ व्होल्टच्या मोटरीला जोडू नका.

आता बॅटरीवरच्या आकड्याची गफलत. १०० अँपिअर-तास लिहिलेलं असतं ते २० तासांच्या हिशोबाने: ५ अँपिअर, २० तास. शिशाच्या बॅटरीतून एकदम ५० अँपिअर ओढले की तिच्यातून ६०-६५ च निघतात. त्यातही तिला निम्म्याच्या खाली नेली की आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे पूर्ण वेगाला हिशोब अर्ध्या तासाचा. तीच मोटर मंद वेगाला ८-१० अँपिअरवर चालवली तर चार-पाच तास जातात. कारण पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाने वाढते. वेग थोडा कमी केला की खर्च बराच उतरतो. लिथियममध्ये ही घट जवळजवळ नाही: १०० पैकी ८० वापरा, पूर्ण वेगाला दीड तासाहून थोडं जास्त.

लिथियमची एक खोड लक्षात ठेवा. शिशाची बॅटरी उतरत आली की मोटर मंदावते, आपल्याला इशारा मिळतो. लिथियम शेवटपर्यंत जोरात चालते आणि आतलं बीएमएस (बॅटरीला जपणारं) सर्किट एका क्षणात सगळं बंद करतं. तिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात फारसा हलतच नाही, त्यामुळे साध्या व्होल्टमीटरवरून किती उरलंय ते सांगता येत नाही. शंटवर (करंट मोजण्यासाठी वायरीत जोडायच्या पट्टीवर) चालणारा, अँपिअर-तास मोजणारा मीटर लावा. विकत घेताना बीएमएस सलग १०० अँपिअर देतं का ते विचारा. ५० वाला ५५ पौंडी मोटरीच्या पहिल्याच झटक्याला बंद पडेल. चार्जर १४.४ ते १४.६ व्होल्टचा, लिथियमसाठीचा हवा.

शिशाच्या बॅटरीला व्होल्टमीटर चालतो. वापरानंतर काही तास तशीच ठेवून मोजा: १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास निम्मी. आल्याच रात्री चार्जिंगला लावा. रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि नंतर कितीही चार्ज करा, ते पूर्ण निघत नाही.

२४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या सीरीजमध्ये जोडताना दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. त्यातल्या एकीवरून फिशफाइंडरसाठी (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रासाठी) १२ व्होल्ट काढायचा मोह होतो. तसं केलं की एक जास्त उतरते, दुसरी चार्जिंगला जास्त भरते, आणि दोन्ही लवकर मरतात. फिशफाइंडरला ७ अँपिअर-तासांची वेगळी छोटी बॅटरी द्या. पडद्यावरच्या रेघाही त्याने कमी होतात. आऊटबोर्डची स्टार्टर बॅटरीही वेगळीच असू द्या. परतीचं इंजिन सुरू करायला तीच लागणार आहे.

वायर: सगळ्यांत दुर्लक्षित भाग

बॅटरी मागे आणि मोटर तीन मीटर पुढे, असं समजा. जाऊन-येऊन सहा मीटर तार. घरच्या वायरिंगमधली उरलेली ६ चौरस मिमीची वायर लावली तर ५० अँपिअरला तिच्यात सुमारे ०.९ व्होल्ट गळतात. म्हणजे ४५ वॉट नुसते वायर तापवण्यात गेले आणि मोटरीला १२ ऐवजी ११ च मिळाले. १६ चौरस मिमीची तांब्याची वायर लावली की ही गळती ०.३५ वर येते. पाच मीटर अंतर असेल तर २५ चौरस मिमी घ्या. अ‍ॅल्युमिनियमची वायर नको. कथील चढवलेलं तांबं मिळालं तर खाडीसाठी तेच घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडत जातं आणि वरून प्लास्टिक नवंच दिसतं.

लग (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं) दाबायला हातोडी वापरू नका, क्रिंपिंगची पकड वापरा. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक बाही चढवा. टर्मिनलवरचे पंखवाले नट लाटांच्या हादऱ्याने सैल होतात, त्यांच्याऐवजी नायलॉन लॉकचे साधे नट लावा. आवळून झाल्यावर वर व्हॅसलिनचा हात फिरवा, आधी नाही.

पॉझिटिव्हवर ५० किंवा ६० अँपिअरचा डीसी सर्किट ब्रेकर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, माहितीपत्रकात सांगितलेल्या आकड्याचा. घराच्या बोर्डावरचा एमसीबी एसीसाठी असतो, तो इथे नको. ब्रेकर वारंवार पडत असेल तर मोठा ब्रेकर लावणं हा उपाय नव्हे. पंख्यात काहीतरी अडकलंय किंवा आत पाणी गेलंय, म्हणून तो पडतोय.

पंखा, सील आणि तंगूस

या मोटरी मरतात त्या बहुधा एकाच कारणाने: पंख्यामागे तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, गुंडाळला जातो. पंख्याच्या दांड्याभोवती तो घट्ट होत पाणी अडवणाऱ्या रबरी सीलच्या ओठात घुसतो, सील कापलं जातं, आणि तिथून पाणी आत शिरतं. वरून काहीच दिसत नाही. जलपर्णीच्या मुळ्यांचंही तेच, पण त्या निदान दिसतात.

दर वापरानंतर पंख्याची मागची बाजू बघा. गळ अडकून तुटल्याचं आठवत असेल तर पंखा काढाच, आणि तो जमिनीवर, खाली फडकं पसरून काढा. आधी बॅटरीची वायर सोडवा. एका हाताने पातं धरून पान्याने नट फिरवा. नट आणि वायसर निघाले की पंखा सरळ बाहेर ओढा. अडकला असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने एका बाजूने उचकटू नका, पंख्याचा दांडा वाकतो. समोरासमोरच्या पात्यांच्या मुळाशी मागून रबरी हातोडीने आळीपाळीने हलके ठोके द्या. पंख्याआड एक आडवी पिन असते, ती निसटून घरंगळते. तंगूस पूर्ण काढा, पंख्याचा दांडा पुसा. सीलचा ओठ फाटलाय का, तिथे राखाडी पाणी पाझरलंय का, ते नखाने चाचपून बघा. पिन वाकली असेल तर बदला. मग पिन मधोमध, पंख्याची खाच पिनीवर, वायसर, नट. नट हाताने घट्ट झाला की पान्याने पाव फेरा आणखी, बस. जास्त आवळला की पिन वाकते आणि पंखा थरथरतो. होडीत दोन पिना, एक नट आणि तो पाना कायम ठेवा. किंमत नगण्य, पण खडकाला पंखा लागून पिन तुटली की त्याच उपयोगी पडतात.

खाडीतून आल्यावर पूर्ण मोटरीवर गोडं पाणी सोडा. प्रेशर वॉशरने नको, त्याच्या झोताने पाणी सीलमधून आत जातं. मोटरीच्या लांब दांड्यावर पाण्याच्या बेसचा सिलिकॉन स्प्रे लावून पुसा. पेट्रोल किंवा थिनर कंपोझिट दांड्याला आणि प्लास्टिकला खातात. चालते का बघायला पाण्याबाहेर मिनिटभर फिरवू नका. सीलला पाण्याचाच थंडावा असतो. एखाद-दुसरा सेकंद पुरे.

बिघाड कुठून शोधायचा

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा) हाताशी ठेवा. स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात, घेताना बघून घ्या. मोटर पाण्यात, पूर्ण वेग, आणि दोन मापं: बॅटरीच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज आणि मोटरीच्या प्लगवरचा. टर्मिनलवर १२.२ आणि प्लगवर ११.३ असेल तर मोटर ठीक आहे, वायर किंवा जोड खराब. टर्मिनलवरच ११ च्या खाली गेला तर बॅटरी. दोन्ही ठीक, पण अँपिअर माहितीपत्रकापेक्षा बरेच जास्त, तर आत काहीतरी घासतंय: पाणी शिरून गंजलेलं बेअरिंग, किंवा फुगून सुटलेला चुंबक. अँपिअर कमी आणि जोरही कमी, तर कार्बन (मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजलेत.

पाच वेगांची जुन्या धाटणीची मोटर फक्त पाचव्यावर चालत असेल तर स्पीड कॉइल जळलेली असते. पाचव्या वेगाला वीज तिला वगळून थेट जाते, म्हणून तो वेग चालू राहतो. कॉइल बदलली की झालं. त्या मोटरी मंद वेगाला उरलेली वीज याच कॉइलमध्ये उष्णता करून जाळतात. नवीन घेताना पीडब्ल्यूएम नियंत्रणाची, म्हणजे मुठीने वेग सलग कमी-जास्त होणारी घ्या. मंद वेगाला तिच्यात बॅटरी कितीतरी जास्त पुरते.

कार्बन आणि सील बदलण्याचं काम मोटर वाइंडिंगवालाही करून देतो. आर्मेचर (आतला फिरता भाग) ओढताना चुंबक ते खेचतात, स्प्रिंगा उडतात, हे त्याला ठाऊक असतं. सील आणि ओ-रिंग मात्र त्याच मॉडेलच्या मागवा. ‘जवळपासचं’ सील बसवलं तर महिन्याभरात पाणी पुन्हा आत. ब्रशलेस मोटरीत कार्बन नसतातच, पण तिचं सर्किट गेलं तर हे दुकान काही करू शकत नाही.

उतरण्याआधी आणि पावसाळ्यात

खाडीत फक्त मोटरीच्या भरवशावर दूर जायचं असेल तर आधी प्रवाहाविरुद्ध जा, येताना तो तुम्हाला आणेल. उधाणाच्या ओहोटीला मुखाकडे जाऊन बॅटरी संपली तर होडी समुद्रात ओढली जाते. वल्ही आणि लाइफ जॅकेट होडीत हवीतच. धरणात मासेमारीचा ठेका असलेल्या सहकारी संस्थेला आधी विचारा. इलेक्ट्रिक मोटर आहे म्हणून परवानगी लागत नाही, असं काही नाही.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची समुद्रातली मासेमारी बंद असते. मोटर उतरवून ठेवण्याचा हाच काळ. पंखा काढा, सील बघा, पंख्याच्या दांड्याच्या टोकाला मरीन ग्रीस लावा. मोटर उभी टांगा, आडवी टाकू नका. कुठे पाणी शिरलं असेल तर सीलजवळून थेंब येताना दिसेल. शिशाची बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा भरा. लिथियम निम्म्याच्या थोडी वर चार्ज ठेवून, दोन्ही वायरी सोडवून, सुक्या जागी ठेवा. ऑगस्टमध्ये होडीवर चढवण्याआधी प्लगची टोकं उघडून बघा. तिथे हिरवा थर दिसला तर तो घासत बसू नका. टोक मागे कापून नवा लग दाबा, कारण तो थर वायरीत आतपर्यंत गेलेला असतो.